गाय गाभडली की घरातल्या माणसांचं रक्त कोण तपासणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी संगमनेर तालुक्यातला. एकोणीस वर्षं झाली, गायी भरवणं (म्हणजे कृत्रिम रेतन), अडलेली गाय मोकळी करणं, जार म्हणजे विल्यानंतरची वार काढणं, सलाइन लावणं ही कामं करतो. पदविका आहे, सरकारी नोकरी नाही, मोटरसायकलला वीर्य गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन बांधून वाड्यावस्त्यांवर फिरणारा माणूस. लोक डॉक्टर म्हणतात, प्रेमाने म्हणतात. तुमच्या पेपरात जनावरांच्या आजारांवर येतं, माणसांच्या आजारांवर पण येतं, पण जनावराचा आजार जनावरांत राबणाऱ्या माणसाला होतो त्याबद्दल मी तरी फारसं काही वाचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय, पण छापायचं असेल तर कृपया पूर्ण छापा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावणातली रात्र, पाऊस चालू, लाइट गेलेली. एका वस्तीवरून फोन आला की सातव्या महिन्यात गाय गाभडली, म्हणजे गर्भ पडला, दीड दिवस झाला जार पडला नाही, वास सुटलाय. गेलो. डिकीत खांद्यापर्यंतचा एकच मोजा शिल्लक होता आणि तो पण घालताना बोटाजवळ फाटला. आता रात्री बारा वाजता नवीन कुठून आणणार, आणि गाय समोर ताप येऊन थरथरतेय. मी मोजा काढून टाकला, साबण लावला आणि हात घातला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहिती आहे, जार आतमध्ये गर्भाशयाला बटणं लावल्यासारखा जागोजागी बसलेला असतो, एकेक बटण बोटांनी चाचपून सोडवावं लागतं, ओढून चालत नाही, ओढला तर रक्तस्राव होतो. पाऊण तास माझा हात आत होता. कोपराच्या वर काटेरी तारेने खरचटलेलं होतं, दोन दिवसांपूर्वीचं, त्याच्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. घरातला चौथीतला पोरगा मोबाइलचा उजेड धरून उभा होता. म्हातारीने मेलेलं वासरू घमेल्यात घालून बाहेर नेलं, वहिनींनी अनवाणी पायाने सगळं खाली पडलेलं पाणी झाडलं, ओला भुसा हाताने गोळा केला. जार गोणीत भरून मालकाने सकाळी वडाला टांगला, आमच्याकडे काही वस्त्यांवर अजून तसं करतात, दूध वाढतं म्हणून. मला चहा दिला, हात धुऊन मी चहा प्यालो आणि घरी आलो.

साधारण तीन आठवड्यांनी मला ताप सुरू झाला. सकाळी माणूस चांगला, काम करून येणार, चार वाजले की अंग मोडून यायचं, रात्री इतका घाम की बायको दोनदा चादर बदलायची. आठ दिवसांनी ताप गेला, वाटलं बरं झालं, परत पंधरा दिवसांनी आला. एका दवाखान्यात विडाल नावाची रक्ततपासणी केली, टायफॉइड म्हणाले, गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी परत विडाल, परत टायफॉइड. तिसऱ्या ठिकाणी मलेरिया, डेंग्यू, सगळं निगेटिव्ह, व्हायरल म्हणून सोडून दिलं. मग कंबर धरली. गाडीला किक मारता येईना. आणि मग एक अंडकोष सुजला, हे पेपरात लिहायला संकोच वाटतो पण मुद्दाम लिहितोय, कारण बाप्ये हे कुणाला सांगत नाहीत, मी पण दीड महिना घरात सुद्धा सांगितलं नव्हतं, आणि हीच या आजाराची एक खूण आहे. या सात महिन्यांत पाच दवाखाने झाले. वजन अकरा किलोने उतरलं. एक दुभती गाय विकली. आणि या पाचही ठिकाणी केसपेपरवर नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं, पण एकाने पण विचारलं नाही की तुम्ही काम काय करता.

सहाव्या ठिकाणी, नाशिकला, एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी कागदांची फाइल बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न हा विचारला, काम काय करता. मी म्हणालो गायी भरवतो, जार काढतो. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ब्रुसेलाची टेस्ट केली का कुणी? मला इतकं वाईट वाटलं साहेब. कारण ब्रुसेला मला माहीत होता! मी स्वतः लोकांना सांगतो की गाय शेवटच्या तीन महिन्यांत गाभडली तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जंतूच्या आजाराची, शंका घ्या, रक्त तपासा. आपल्या परीक्षेत हा प्रश्न सोडवलाय. पण तो जंतू मला होईल आणि माझा ताप तोच असेल हे सात महिन्यांत माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवं होतं त्यांना मी काय काम करतो हेच माहीत नव्हतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली, मणक्याचा एमआरआय काढला तर तिथे पण सूज. साध्या केसला डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे चालतात, माझ्या मणक्यामुळे तीन महिने चालल्या. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, आणि ती गोळी टीबीला पण देतात, त्यामुळे गावात बातमी पसरली की याला टीबी झालाय. काही घरांत माझा कप वेगळा ठेवायला लागले. खरं म्हणजे हा आजार माणसाकडून माणसाला सहसा होतच नाही, जनावरातून होतो, पण हे कोण कुणाला सांगणार.

बरं वाटल्यावर मी त्या वस्तीवर गेलो. वहिनींचे गुडघे पाच महिन्यांपासून दुखत होते, अधूनमधून कणकण यायची, सगळे म्हणत होते वय झालं, त्यांचं वय आहे बेचाळीस. मी हट्टाने टेस्ट करायला लावली. पॉझिटिव्ह. म्हातारीची निगेटिव्ह आली, पोराची पण निगेटिव्ह, देवाची कृपा. आणि ती गाय? ती तोपर्यंत बाजारात विकली गेली होती. ज्याने घेतली त्याला कुणी काही सांगितलं नाही. दोष देणार तरी कुणाला, ऐंशी हजाराची गाय गोठ्यात उभी ठेवून फुकट खायला घालायची ऐपत कुणाची आहे? वाईट म्हणजे अशी गाय बहुधा एकदाच टाकते, पुढच्या वेताला नीट विते, आपण समजतो बरी झाली, पण जंतू तिच्या कासेत आणि गर्भाशयात राहिलेला असतो, दुधातून आणि जारातून बाहेर पडत राहतो.

आता हा आजार काही नवा नाही. माल्टा नावाच्या बेटावर इंग्रजांच्या फौजेला असाच चढउताराचा ताप यायचा, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू काढला, त्याच्याच नावावरून ब्रुसेला. आणि १९०५ मध्ये तिथल्याच झामिट नावाच्या डॉक्टरने शोधलं की हा शेळ्यांत असतो आणि त्यांच्या दुधातून येतो, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत. दुसऱ्या वर्षी फौजेने शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप एकदम उतरला. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली हे माहीत होऊन. आणि आपल्याकडे अजून डेंग्यू झाला की पेशी वाढतात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत लोक फिरतात, धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून पोरांना गोठ्यातच पेला भरून देतात. शेळीतला जंतू तर गायीतल्यापेक्षा माणसाला जास्त जोराचा लागतो. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या राज्यात एक कोटीच्या वर शेळ्या होत्या, आणि शेळी कुणाकडे असते? ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे, विधवा बाईकडे, मेंढरांमागे वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगराकडे. तो रानात कोकरू हाताने ओढून काढतो, तोंडावरचा चिकटा पदराने किंवा धोतराच्या सोग्याने पुसतो, आणि तेच कपडे घालून त्याच रात्री भाकरी थापली जाते. त्याला ताप आला तर तो कुठल्या जिल्ह्यात असेल ते पण सांगता येत नाही, मग टेस्ट कुठली अन् सहा आठवड्यांच्या गोळ्या कुठल्या.

दूध पिणाऱ्या शहरातल्या वाचकांनी घाबरू नये. दूध उकळलं की जंतू मरतो, पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, मटण नीट शिजलं की मरतो. चिकाचा खरवस पण वाफेवर नीट शिजवला की काळजी नाही. म्हणजे खाणाऱ्याला चुलीने वाचवलंय. ज्याच्या हातातून ते चुलीपर्यंत येतं त्याला कोण वाचवणार, माझं सगळं पत्र एवढ्यासाठी आहे.

आमच्या बाजारपेठेत मटणाची दुकानं आहेत, तिथली दोन पोरं माझ्या ओळखीची. पहाटे चारला काम सुरू. पोरगा बकरं टांगतो, दोन्ही हात कातडी सोलण्यात गुंतले की सुरी दातात धरतो, परत हातात घेतो. मी त्याला विचारलं अरे तोंडात का धरतोस, तर म्हणाला काका खाली ठेवली तर माती लागते. बोटांना रोज कुठे ना कुठे कट असतो, त्याला हळद लावायची की झालं. कधी पोट फाडल्यावर शेळी गाभण निघते, मग पोटातलं पिल्लू पिशवीसकट हाताने काढून टोपल्यात टाकायचं, पाणी उडतं तोंडावर डोळ्यांत. त्या पाण्यात जंतू असतील तर हे सगळ्यात धोक्याचं काम आहे, कारण ब्रुसेला फार थोडे जंतू आत गेले तरी पुरतो, श्वासातून गेले, डोळ्यातून गेले, कातडी फाटलेली असली तिथून गेले, कसंही. त्या पोरांना दरवर्षी मेडिकल सर्टिफिकेट लागतं, लायसनच्या नियमात आहे. मी ते सर्टिफिकेट बघितलं. त्यात हे तपासतात की या पोराचा आजार गिऱ्हाइकाला लागणार नाही ना. ते पाहिजेच, माझा विरोध नाही. पण बकऱ्याचा आजार त्या पोराला लागलाय का हे विचारणारी एक ओळ त्या कागदावर नाही.

आणि फक्त ब्रुसेला नाही. पावसाळ्यात उंदराच्या, गुराच्या मुतातून लेप्टो होतो, तो तर २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर सगळ्यांना माहिती झाला, पण गोठ्यात रोज मुतात उभं राहणाऱ्याच्या लक्षात राहिला नाही. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाने मेलेल्या जनावराची कातडी काढली की हाताला काळपुळी उठते, म्हणून तर असं जनावर फाडायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं असतं. म्हशींना देवी आली की धार काढणाऱ्या बायांच्या बोटांना फोड येतात. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे रेबीज. गाय लाळ गाळते, ओरडते, गिळत नाही, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय डॉक्टर, बघा जरा, आणि आम्ही हात घालतो. मी स्वतः घातलाय. नंतर कळलं की दीड महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात येऊन गेलं होतं. मग धावत जाऊन इंजेक्शनं घेतली. आमच्यासारख्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवायची असते, कुत्रं चावायची वाट बघायची नसते, पण हे आमच्या किती जणांनी घेतलंय ते तुम्ही तुमच्या गावातल्या पशुसेवकाला विचारून बघा.

२०२२ साली लंपी आला तेव्हा किती गदारोळ झाला आठवा. दूध प्यावं का, मटण खावं का, हजार मेसेज फिरले. लंपी माणसाला होतच नाही. त्या वेळी मी रोज दहा लोकांना हे समजावून सांगायचो, आणि जो खरोखर माणसाला होतो त्याच्याबद्दल एक मेसेज कधी फिरला नाही. कारण ब्रुसेला माणसाला पटकन मारत नाही, कुजवतो, कंबर मोडतो, कामातून उठवतो, बाईचा गर्भ पण पडू शकतो, आणि कागदावर टायफॉइड लिहिलेलं राहतं.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्हीसाठी मोठा लसीकरण कार्यक्रम काढला, पाच वर्षांसाठी १३ हजार ३४३ कोटी, वर्षाला ३ कोटी ६० लाख कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस द्यायचं ठरलं. चार ते आठ महिन्यांची मादी वासरं, आयुष्यात एकदाच एक डोस. चांगली योजना आहे, आणि माझी शेतकऱ्यांना हात जोडून विनंती आहे की वय निघून जाऊ देऊ नका, आठ महिन्यांनंतर टोचता येत नाही, गाभण गायीला तर अजिबात नाही. पण यात पण माणूस राहून गेला बघा. ही लस, एस-१९ नावाची, जिवंत जंतूंची आहे. वासरू उडी मारतं, सुई टोचणाऱ्याच्याच हातात घुसते, हे कधी ना कधी होतंच. मग त्या माणसाने त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन सांगितलं पाहिजे की ब्रुसेलाची लस टोचली गेलीय, औषध चालू करा. आमच्यातले बरेच जण बोट चोखतात आणि पुढचं वासरू धरतात. चष्मा आणि मोजे घालून लस द्यायची असते असं ट्रेनिंगला सांगतात, पण मोजे संपल्यावर काय करायचं ते सांगत नाहीत.

कायद्याचं पण सांगतो, कारण हे मला आजारपणात एका वकील मित्राने दाखवलं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती, आणि त्यात अगदी पहिल्याच नंबरवर संसर्गजन्य रोग होते, आणि पुढे लिहिलेलं होतं पशुवैद्यकीय काम, जनावरं हाताळणं, मेलेली जनावरं, त्यांचे भाग हाताळणं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला आम्ही दिसत होतो. पण नुकसानभरपाई द्यायला मालक लागतो. माझा मालक कोण? मटणाच्या दुकानातल्या पोराचा हजेरीपट कुठे आहे? आपल्याच गोठ्यात राबणाऱ्या वहिनींचा मालक कोण? तसंच २००९ चा जनावरांच्या साथरोगांचा कायदा आहे, त्यात ब्रुसेलोसिस नोंदवायच्या रोगांत आहे. गाय पॉझिटिव्ह आली तर तिची नोंद होते, कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासकट होते. त्या नोंदीवरून आरोग्य केंद्राला एक फोन जात नाही की या घरात पाच माणसं आहेत, त्यांना ताप येतोय का बघा. पशुवैद्यकीय दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्याकडे एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत साहेब, मधे फक्त एक चहाची टपरी.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. केसपेपरवर वयाच्या खाली एक ओळ, काम काय करता, घरी जनावरं आहेत का, नुकतीच कुठली गाभडली का. आठ-दहा दिवसांच्या वर ताप गेला आणि उत्तर हो असेल तर ब्रुसेलाची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, आज रक्त कुठे पाठवायचं हेच शोधत फिरावं लागतं. गाय पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात आशाताईंनी त्या घरी जावं. आणि दूध संघांना माझी विनंती आहे, तुम्ही फॅट मोजता, एसएनएफ मोजता, पशुखाद्याची पोती उधारीवर देता, तशी खांद्यापर्यंतच्या मोज्यांची पाकिटं पण संकलन केंद्रावर ठेवा. एका लिटर दुधाच्या पैशात दोन-चार मोजे येतील. मी आता पाकीट संपलं असेल तर रात्रीचा कॉल घेत नाही, लोक नाराज होतात, एकदोन घरं तुटली पण. पण माझ्याबरोबर दुसरी पोरं आहेत, विशीतली, त्यांना असं नाही म्हणता येत नाही, धंदा नवीन आहे त्यांचा.

आणि तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही दुधाच्या दराची बातमी छापता, बाजारभाव छापता, ते पान आमच्याकडे डेअरीवर मोठ्याने वाचलं जातं. त्या पानावर एवढं जरी चौकटीत छापलंत तरी पुरे: गाय किंवा शेळी गाभडली तर उघड्या हाताने वासराला, जाराला हात लावू नका, मोजा नसेल तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. जार झाडाला टांगू नका, ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना मिळेल असा ठेवू नका, चुना टाकून खोल पुरा. पोराबाळांना आणि गरोदर बाईला गोठ्यापासून लांब ठेवा. आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत घरात कुणाला उतरून चढणारा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी सुरू झाली तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता आपणच सांगा, आमच्याकडे गाय गाभडली होती.

आपला नम्र,
एक पशुसेवक
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर